चित्रांच्या ताईंचे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझी शाळा सातवीत सुटली. त्यापुढचे शिक्षण झाले ते मंडईच्या मागच्या गल्लीत, स्वयंपाकघरात आणि आमच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. पण झाले असे की, यंदापासून दर गुरुवारी दुपारी मंडळात चित्रे काढायला बसावे असे आपण ठरविले, आणि त्याला ‘कलोपचार वर्ग’ असे नाव द्यावे अशी सूचना आली. त्या नावाला मी हरकत घेतली. तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “हरकत घेतलीत ना, मग वर्धापनदिनी उभ्या राहून कारणही सांगा.” म्हणून हा प्रपंच.

कलोपचार करणाऱ्या बाई म्हणजे कोण, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजणी दोन उत्तरे देतील. एक, त्या आजारी माणसांना चित्रकला शिकवितात. दुसरे, त्या चित्र पाहून माणसाच्या मनातले ओळखतात, जसे काहीजण हात पाहून भविष्य सांगतात. भगिनींनो, ही दोन्ही उत्तरे चूक आहेत. हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. नऊ महिने दर मंगळवारी एका बंद दाराबाहेर, बाकावर मटार सोलीत बसून मी हे शिकले.

आता जे सांगणार आहे ते माझ्या धाकट्या जाऊबाईंचे आहे. त्यांना विचारून सांगते. हे भाषण मी आधी त्यांना वाचावयास दिले, त्यांनी त्यातल्या दोन ओळी खोडल्या, आणि मग म्हणाल्या, “आता सांगा.”

त्यांचे दुसरे बाळंतपण आठव्या महिन्यात झाले आणि बाळ जन्मतःच गेलेले होते. घरी आल्या त्या मुक्याच होऊन. रडल्या असत्या तर आम्हांला बरे वाटले असते. पण त्या नुसत्या भिंतीकडे पाहत बसत. मोठी लेक चार वर्षांची. ती येऊन पदर ओढी, तरी यांचा हात उचलत नसे. येणाऱ्याजाणाऱ्या बायका काय काय बोलून जात, ते मी येथे उच्चारीत नाही. तुम्हीही ते ऐकलेले आहे, कोणी बोललेलेही असेल. दोन महिन्यांनी धाकटे भावजी त्यांना मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी नैराश्य आहे असे सांगून गोळ्या सुरू केल्या. थोड्या दिवसांनी म्हणाले, “यांना बोलता येत नाही, तर बोलावयास लावू नका. गोळ्या चालू ठेवू, आणि सोबत कलोपचार करणाऱ्या एक बाई आहेत त्यांच्याकडे पाठवू.” त्या बाईंना आमच्या घरात ‘चित्रांच्या ताई’ असेच नाव पडले.

पहिल्या भेटीला ताईंनी कागद काढलाच नाही. किती दिवसांचे दुखणे, झोप कशी, कोणती औषधे चालू आहेत, घरात कोण कोण, हे सारे विचारून लिहून घेतले. डॉक्टरांशी बोलण्याची परवानगी जाऊबाईंकडून मागितली, नवऱ्याकडून नव्हे. आणि वार, वेळ ठरवून दिली : मंगळवार, चार वाजता, पाऊण तास. पाऊस असो, पितृपक्ष असो, ती वेळ बदलली नाही. पुढे मला कळले की हेदेखील उपचारातच मोडते. ज्या बाईच्या पायाखालची जमीनच गेली आहे, तिला आठवड्यातला एक पाऊण तास तरी जागचा हलत नाही असा हवा.

सामान काय द्यावयाचे यातही विचार असतो बरे का. मला वाटे, रंग म्हणजे रंग. पण तसे नाही. पेन्सिल आणि मेणाच्या कांड्या हाताच्या मुठीत राहतात. जेवढे दाबाल तेवढेच उमटते. पाण्याचे रंग कागदभर पळतात. ज्याचे मन आधीच आवरत नाही, त्याला पहिल्याच दिवशी ओला रंग दिला तर तो घाबरून जातो. आणि ज्याला कागदाचीच भीती वाटते, त्याच्या हातात माती द्यावी. माती चुकत नाही. मोडली की पुन्हा गोळा. जाऊबाईंनी तीन मंगळवार नुसती कांडी हातात धरली. चौथ्या वेळी ताईंनी शाडूचा गोळा पुढे ठेवला. गणपतीच्या दिवसांत आपण सगळ्यांनी ती माती हाताळलेली असते. त्यांचा हात आपोआप चालू लागला. ताईंनी ‘काय करता आहात?’ असे विचारले नाही, ‘छान’ असेही म्हटले नाही. शेजारी बसून त्या स्वतःही माती मळत राहिल्या.

‘छान’ म्हणावयाचे नाही, हे ऐकून मला नवल वाटले होते. आपण मुलांना सारखे छान छान म्हणतो. पण ताईंचे म्हणणे असे, की एकदा छान म्हटले की माणूस पुढच्या वेळी आपल्यासाठी चित्र काढते, स्वतःसाठी काढीत नाही.

इकडे आमच्या सासूबाईंना धीर धरवेना. दोन महिने झाले, रिक्षाचे पैसे, फीचे पैसे. आत काय चालते काही कळेना. एका मंगळवारी त्या माझ्यासोबत आल्या आणि ताई बाहेर येताच म्हणाल्या, “आत काय काढते ती? पैसे आम्ही मोजतो, आम्हांला कळायला नको?” ताईंनी त्यांना बसविले, पाणी दिले आणि म्हणाल्या, “आजी, मी तुम्हांला सांगितले, तर पुढच्या मंगळवारी ती मला कोरा कागद देईल.” सासूबाई रागावल्या. घरी आल्यावर आठ दिवस तेच. पण मला विचाराल तर ताईंच्या साऱ्या विद्येत हेच मोठे काम. चित्र काढणाऱ्याचे चित्र हे त्याचेच असते. त्यावर तारीख घालून ते फाईलमध्ये ठेवावयाचे, कुलपात ठेवावयाचे, आणि काढणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय नवऱ्यालाही दाखवावयाचे नाही. मानसिक आरोग्याचा जो कायदा २०१७ साली झाला, त्यातही आजारी माणसाच्या गोष्टी गुप्त राखण्याचा हक्क त्याला दिलेला आहे.

मग काहीच सांगावयाचे नाही काय? तसेही नाही. एके दिवशी ताई स्वतःहून बाहेर आल्या. जाऊबाई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या. ताई म्हणाल्या, “हे मी यांना सांगूनच तुम्हांला सांगते आहे. डॉक्टरांना मी फोन केला आहे. गोळ्यांचे पाकीट आजपासून तुमच्याकडे ठेवा, आणि काही दिवस रात्री यांना एकटे झोपू देऊ नका.” बस, एवढेच. चित्रात काय होते ते तेव्हाही सांगितले नाही. जीवाला धोका आहे असे दिसले तर गुप्ततेची वेस ओलांडावयाची, पण तीही त्या माणसाला सांगून, आणि लागेल तेवढीच. त्या रात्रीपासून मी जाऊबाईंच्या खोलीत निजले. सासूबाईंचे बोलणे त्यानंतर थांबले.

ही गोष्ट मी का सांगते? कारण त्या दिवशी ताईंच्या जागी नुसती हौशी चित्रकार असती तर तिला काय करावयाचे ते कळले असते काय? तिने चित्र पाहून कदाचित म्हटले असते, “आज जरा उदास रंग वापरलेत!” आणि घरी पाठविले असते.

आता थोडे या विद्येविषयी. माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. तिने मला वाचून दाखविले ते सांगते. इंग्लंडात एड्रियन हिल नावाचे चित्रकार होते. १९३८ साली त्यांना क्षय झाला. सॅनिटोरियममध्ये पडल्यापडल्या ते समोरच्या वस्तूंची चित्रे काढू लागले आणि त्यांना बरे वाटू लागले. पुढे युद्धात जखमी झालेले शिपाई तेथे आले, तेव्हा त्यांनाही त्यांनी चित्रे काढावयास बसविले. १९४२ मध्ये त्यांनीच या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले, आणि १९४५ मध्ये ‘आर्ट व्हर्सेस इलनेस’ हे पुस्तक लिहिले.

त्याच काळातली दुसरी एक बाई माझ्या मनातून जात नाही. त्यांचे नाव फ्रिडल डिकर-ब्रांडाइस. ज्यू होत्या, चित्रकार होत्या. १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी त्यांना तेरेझीनच्या छावणीत टाकले. तेथे आईबापांपासून तुटलेली लहान मुले होती. कागद मिळेल तसा गोळा करून त्या मुलांना चित्रे काढावयास शिकवीत, आणि प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव घालावे असा त्यांचा आग्रह असे. जेथे माणसाला नुसता नंबर असे, तेथे नाव! १९४४ च्या ऑक्टोबरात त्यांना ऑशविट्झला नेऊन मारले. जाण्यापूर्वी सुमारे ४५०० चित्रे दोन बॅगांत भरून लपविलेली होती. ती युद्धानंतर सापडली आणि आज प्रागच्या संग्रहालयात आहेत. मुले बहुतेक गेली. त्यांच्या एक विद्यार्थिनी, एडिथ क्रेमर, त्याआधीच अमेरिकेस पोहोचल्या होत्या. तेथे ही विद्या उभी करणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात.

आपल्याकडे हे अगदीच नवे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या आज्या जात्यावर बसत. सासरचा जाच, गेलेले मूल, न आलेले माहेरचे मूळ, सारे पिठाबरोबर बाहेर पडे. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. जात्याचा एक गुण होता : ते ऐकून घेई आणि चुलीपाशी जाऊन चुगली करीत नसे. पण जात्याला डॉक्टरांना फोन करता येत नसे. कितीजणी पहाटे ओवी म्हणून दुपारी विहिरीकडे गेल्या असतील, त्याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणून मला वाटते, ऐकणारे दगडाचे असून भागत नाही. शिकलेले माणूस लागते.

असे शिकलेले माणूस आपल्या पुण्यातच तयार होते. वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग या संस्थेने येथे कलेच्या आधाराने उपचार करण्याचे शिक्षण दिले आहे. भार्गवी दावर यांचे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांची आई मनोरुग्णालयांत राहिलेली. त्यामुळे तेथले जग त्यांनी लहानपणीच जवळून पाहिले होते. १९९९ साली त्यांनी पुण्यात बापू ट्रस्ट काढला. त्यांच्या ‘सेहेर’ या कामात कार्यकर्त्या पुण्याच्या वस्त्यांत जाऊन समुपदेशनाबरोबर गाणे, हालचाल, चित्र यांचाही उपयोग करीत आल्या. ज्या बाईला दवाखान्यापर्यंत जाण्याची सवड नाही, तिच्या दारापर्यंत उपचार न्यावयाचा, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. २०२४ साली भार्गवीताई गेल्या.

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मंडळींचे उदाहरणही पुण्याचेच. त्यांच्या मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. केवढे चांगले शब्द आहेत! नर्तक हृषीकेश पवार यांनी या शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग चालविले. पाय उचलताना अडखळणारी माणसे तालावर पाऊल टाकतात, हे ऐकून मला आनंद झाला. औषध सोडा असे तेथेही कोणी सांगत नाही.

आता ज्यासाठी मी हरकत घेतली ते सांगते. दोन उन्हाळ्यांपूर्वी आपल्याच भागात मुलांसाठी चार दिवसांचे एक शिबिर झाले. कोणी भरविले ते नाव घेत नाही. ‘चित्रातून मुलांचे मन जाणा’ अशी जाहिरात होती. माझ्या शेजारणीचा मुलगा, वय सात, त्यात गेला. शेवटच्या दिवशी सगळ्या पालकांसमोर शिबिराच्या बाईंनी त्याचे चित्र वर धरले. अर्धा कागद काळाकुट्ट. बाई म्हणाल्या, “या मुलाच्या मनात भीती साठली आहे. घरात मारहाण होते का?” शेजारीण बिचारी मान खाली घालून बसली. तिचा नवरा मंडईत हमाली करतो. पोराला कधी बोट लावीत नाही. सभेतल्या बायकांनी त्याच्याकडे कसे पाहिले असेल, तुम्हीच विचार करा. घरी आल्यावर मी पोराला जवळ घेऊन विचारले, “हे काय काढलेस रे?” तो म्हणाला, “कोळसा. कणीसवाल्या आजींचा.” आमच्या कोपऱ्यावर पावसाळ्यात एक आजी शेगडी घेऊन कणसे भाजतात, त्यांचा तो कोळसा. नीट पाहिले तर खाली लाल ठिणग्याही काढलेल्या होत्या! त्या पोराने त्यानंतर रंगाच्या पेटीला हात लावलेला नाही.

काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, असला कोश चित्रांच्या ताईंकडे नसतो. त्या विचारतात, “याविषयी काही सांगावेसे वाटते का?” नाही म्हटले तर नाही. हो म्हटले तर ऐकतात. आणि स्वतःच्या ऐकण्यात काही खोट येत नाही ना, हे पाहण्यासाठी त्या स्वतःही आपल्या वरिष्ठांकडे जातात, माणसाचे नाव न घेता काम मांडतात. दुसऱ्याचे दुःख रोज उचलणाऱ्याने आपला खांदा कोणाला तरी दाखवावा लागतो. हे कळल्यावर मला ताईंविषयी अधिक विश्वास वाटला.

इंग्लंडात नोंदणी असल्याशिवाय ‘आर्ट थेरपिस्ट’ हे नाव लावता येत नाही. आपल्याकडे २०२१ साली आरोग्यक्षेत्रातल्या निरनिराळ्या कामांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्याच्या यादीत कला आणि नृत्य यांतून उपचार करणारेही आहेत. तरी दारावरची पाटी वाचून आपल्यासारखीला काय कळणार? म्हणून विचारावे. मंडईत पावशेर वांगी घेताना आपण देठ पाहतो, उलटून कीड पाहतो, आणि मग दोन रुपये कमी करा म्हणतो. मनाचे दुखणे ज्याच्या हाती द्यावयाचे त्याला मात्र काही विचारीत नाही. कोठे शिकलात, किती काळ शिकलात, कोणाच्या देखरेखीखाली काम करता, डॉक्टरांशी बोलता का, चित्रे कोठे ठेवता, एवढे विचारण्यात अपमान नाही. चांगल्या ताईंना राग येत नाही. ज्या रागावतील, किंवा ‘गोळ्या बंद करा, रंगांनीच बरे करते’ म्हणतील, त्यांच्या पायऱ्या खुशाल उतरून यावे.

जाऊबाईंचे पुढे काय झाले, असे तुमच्या चेहऱ्यावर दिसते आहे. ताईंनी आठ आठवडे आधी सांगितले की आता आपण थांबणार आहोत. एकदम तोडले नाही. ज्या बाईचे एकदा एकदम तुटले आहे, तिचे पुन्हा तसे तोडू नये. शेवटच्या मंगळवारी सारी फाईल त्यांच्या हाती दिली. तिचे त्यांनी काय केले, ते त्या खोडलेल्या दोन ओळींत होते. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. आता त्या संध्याकाळी गाळ्यावर बसतात आणि गिऱ्हाइकाशी माझ्यापेक्षा जोरात भांडतात. गोळ्यांनी किती केले, ताईंनी किती केले आणि त्या चार वर्षांच्या लेकीने किती केले, याचा हिशेब आम्ही कोणी मांडीत नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. गुरुवारी आपण जरूर बसू. चित्रे काढू, रांगोळीची नक्षी कागदावर उतरवू, माती आणू. मन हलके होईल, चार गोष्टी बोलणे होईल. तेवढे पुष्कळ आहे. पण त्याला उपचार म्हणू नये. अमक्या बाईला काय होते आहे ते आपण ओळखू आणि बरे करू, असे आपण कोणीही त्यासाठी शिकलेल्या नाही. नुसते ‘गुरुवारची चित्रे’ असे नाव पुरे. कार्यकारिणीने हे मान्य केले आहे, आणि माझ्या सांगण्यावरून दोन नियमही केले आहेत. कोणीही दुसरीच्या चित्राचा अर्थ लावावयाचा नाही, आणि चित्र भिंतीवर लावण्याआधी तिला विचारावयाचे. शिवाय एखादी भगिनी फार खचलेली दिसली तर तिला बाजूला घेऊन डॉक्टरांकडे जाण्याविषयी बोलावे. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तेथे मराठीत बोलता येते. तो क्रमांक आपण दाराशेजारच्या फळ्यावर लिहून ठेविला आहे, म्हणजे कोणाला विचारावयास नको.

गुरुवारी तीन वाजता जमावयाचे. कागद आणि रंग मंडळाचे. घरातली रद्दी खाली अंथरायला आणावी. आणि येताना जुनी साडी नेसून या, पोस्टरचे रंग लवकर निघत नाहीत.